दरुंग: एका नदीची भाषा

भारताच्या जनगणनेत १९७१पासून एक रिवाज पडला आहे. ज्या मातृभाषेचे बोलणारे देशभरात मिळून दहा हजारांच्या आत भरतात, तिचं नाव तक्त्यात वेगळं छापत नाहीत; तिची रवानगी 'इतर' या रकान्यात होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागातली निहाली ही अशीच 'इतर'मध्ये गेलेली भाषा. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, आणि तरी सरकारी तक्त्यात ती सापडत नाही. दरुंग लोक भारतात असते तर त्यांचंही हेच झालं असतं. २००० साली चीनच्या जनगणनेत ते ७,४२६ भरले, २०१०मध्ये ६,९३०, आणि २०२०मध्ये ७,३१०. पण चीनचा हिशेब वेगळा आहे. तिथे अधिकृत मान्यतेचे ५६ समाज आहेत आणि या यादीत सात हजारांच्या दरुंगांना सव्वाशे कोटींच्या हान लोकांइतकीच एक ओळ मिळते. त्यांच्या नावाचा एक स्वायत्त तालुका आहे, राष्ट्रीय लोकसभेत त्यांचा प्रतिनिधी असतो, टपालाच्या तिकिटावर त्यांची स्त्री रंगीबेरंगी पट्ट्यांची घोंगडी पांघरून उभी असते.

तरीही दरुंगांची ओळख करून घ्यायची तर ही यादी फारशी कामाची नाही, असं माझं मत आहे. यादी सांगते की हा एक छोटा, वेगळा, डोंगराच्या कुशीत शतकानुशतकं एकटा राहिलेला समाज. त्यातला 'छोटा' हा शब्द खरा. बाकीच्या दोन्हींबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे, आणि ही प्रस्तावना मुख्यतः त्या शंकेसाठीच आहे.

आधी भूगोल. युन्नान प्रांताच्या वायव्य टोकाला, तिबेट आणि म्यानमार यांच्या बेचक्यात, एक अरुंद खोरं आहे. तिबेटात उगम पावलेली नदी त्यातून दक्षिणेला उतरते, मग पश्चिमेकडे वळून म्यानमारात शिरते, तिथे न्माई खा हे नाव घेते आणि पुढे मली खाला मिळून इरावती होते. चिनी लोक खोऱ्यातल्या भागाला दूलोंग म्हणतात, जुन्या इंग्रजी नकाशांवर तारोन असं नाव दिसतं. पूर्वेला गाओलिगोंगची रांग. तिच्या पलीकडे साल्वीन, म्हणजे चिन्यांची नू नदी. पश्चिमेला दांदांगलिका डोंगर, त्यापलीकडे कचिन प्रदेश. सरळ रेषेत मोजलं तर अरुणाचल प्रदेशाची हद्द इथून शंभरेक किलोमीटरवर येते. पण या मुलुखात सरळ रेषेत फक्त पक्षी जातात.

पाऊस बेसुमार. थंडीत गाओलिगोंगच्या खिंडींवर बर्फ साचलं की नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत पूर्वेची वाट बंद. १९६४ साली खेचरांची वाट झाली, तोवर माणसाच्या पाठीशिवाय दुसरं वाहन नव्हतं. त्या वाटेनेही तालुक्याच्या गावाहून खोऱ्यात यायला तीन दिवस लागत. उन्हाळ्यात सरकारी खेचरांचे तांडे सहा महिन्यांचं धान्य, मीठ, औषधं आणून टाकत आणि बर्फ पडायच्या आत परत फिरत. मोटाररस्ता आला १९९९मध्ये, ९६ किलोमीटरचा, पण तोही हिवाळ्यात बंदच. वर्षभर चालू राहणारा रस्ता २०१४ साली झाला, गाओलिगोंगच्या पोटातून साडेसहा किलोमीटरहून लांब बोगदा काढल्यावर.

खोरं दुर्गम होतं यात वाद नाही. पण दुर्गम असणं आणि एकाकी असणं यांत फरक आहे, आणि दरुंगांवर लिहिणारे बहुतेक जण इथेच घसरतात. या लोकांना मीठ कुठून मिळत होतं, एवढा एकच प्रश्न विचारला तरी चित्र पालटतं. खोऱ्यात मीठ नाही, लोखंडही नाही. ते उत्तरेकडून, त्सावारोंगच्या तिबेटी लोकांकडून येई. बदल्यात जाई कस्तुरी, कातडी, आणि कॉप्टिस या वनस्पतीची पिवळी कडू मुळं. हीच मुळी आसामच्या बाजारात 'मिश्मी तीता' म्हणून विकली जायची आणि पोटाच्या तक्रारींवर चालायची. व्यापार असा की मीठ घेणारा सतत कर्जातच राही. त्सावारोंगचे तिबेटी सरदार कर घेत, मेकाँगच्या बाजूचे नाशी सरदारही आपला हक्क सांगत, आणि साल्वीनच्या खोऱ्यातले लिसू लोक धाडी घालून माणसं पळवून नेत. एका दरीवर इतक्या जणांचा डोळा होता. अशा लोकांना 'जगापासून तुटलेले' म्हणायचं तर जगाचा अर्थच वेगळा करावा लागेल.

बाहेरच्यांचे लेखी उल्लेख उशिरा येतात. फ्रान्सचा राजपुत्र हेन्री द'ऑर्लियां १८९५ साली तोंकिनहून निघाला, मेकाँग आणि साल्वीन ओलांडून या खोऱ्यात उतरला आणि इरावतीचे फाटे एकामागून एक पार करत आसामातल्या सदियाला पोचला. त्याच्या पुस्तकात हे लोक 'क्यूत्झे' या नावाने येतात, कारण चिनी लोक त्यांना तेव्हा 'छ्यू' म्हणत आणि नदीला छ्यू नदी. १९०८मध्ये श्या हू हा चिंग दरबाराचा अधिकारी पाहणीला आला. त्याने सरदारांच्या वसुलीला आळा घालायचा प्रयत्न केला, गावोगाव मुखिये नेमले आणि सविस्तर अहवाल लिहिला. सीमाभागातली ही पाहणी भूतदयेपोटी नव्हती. ब्रह्मदेशातून इंग्रज वर सरकत होते, आणि खोरं कोणाचं हे कागदावर यायला हवं होतं. ती सीमा नीट आखली गेली १९६०च्या चीन-ब्रह्मदेश करारात. 'दूलोंग' हे अधिकृत नाव त्याच्या आधीचं, १९५२चं. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगला आलेल्या दरुंग प्रतिनिधीला विचारून ते मुक्रर केलं, असं सांगतात.

तो प्रतिनिधी म्हणजे कोंग झ्चिंग, आणि या माणसापाशी थोडं थांबायला हवं. १९४२ साली, जपानविरोधी युद्ध चालू असताना, उत्तरेतली विद्यापीठं युन्नानमध्ये हलली होती. त्या धामधुमीत लुओ छांगपेई हा मोठा भाषाशास्त्रज्ञ दालीला आला आणि तिथे शिकत असलेल्या एका दरुंग तरुणाला समोर बसवून त्याने त्याची भाषा टिपून घेतली. दरुंग भाषेचं ते पहिलं शास्त्रीय वर्णन. सांगणारा तरुण होता कोंग झ्चिंग. पुढे १९५६मध्ये गोंगशान हा दरुंग व नू लोकांचा स्वायत्त तालुका स्थापन झाला तेव्हा त्याचा पहिला प्रमुख तोच झाला. म्हणजे भाषा ज्याच्या तोंडून कागदावर आली, समाजाचं नावही त्याच्याच साक्षीने यादीत गेलं. एकाकी खोऱ्यातला माणूस दालीच्या शाळेत काय करत होता, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही.

आता चेहऱ्यांविषयी, कारण दरुंग म्हटलं की छायाचित्रांत तेच दिसतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे चेहरे गोंदण्याची इथे चाल होती. काट्याचं टोक कातडीवर धरायचं, वरून छोट्या काठीने ठोके द्यायचे, मग जखमेत काजळी चोळायची. नदीच्या वरच्या भागात सगळा चेहरा गोंदत, खालच्या भागात नुसती हनुवटी. १९५०नंतर ही चाल मोडत गेली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद झाली. आज गोंदलेल्या म्हाताऱ्या अगदी मोजक्या उरल्या आहेत आणि त्यांना बघायला कॅमेरे घेऊन माणसं येतात. कारणं अनेक सांगितली जातात: धाडी घालणाऱ्यांनी मुलींना नेऊ नये म्हणून त्यांना विद्रूप करायचं, कूळ ओळखू यावं, मुलगी वयात आल्याची खूण, मेल्यावर आत्म्याचं फुलपाखरू होतं त्याच्याशी संबंध. पहिलं कारण बाहेरच्यांना फार आवडतं, कारण त्यात गोष्ट आहे. पण नुसत्या भीतीपोटी चेहरा खराब करायचा असता तर गावागणिक नक्षी ठरवून घेण्याची गरज नव्हती. या विषयावर मी इथे आणखी लिहिणार नाही. सात हजार माणसांचा समाज थोड्या म्हाताऱ्यांच्या गालांवर तोलायची सवय आधीच फार झाली आहे.

त्यापेक्षा शेत बघावं. दरुंग शेती फिरती होती. उतारावरचं रान तोडायचं, वाळू द्यायचं, जाळायचं, राखेत मका, बाजरीसारखी भरडधान्यं, कंद लावायचे, आणि जमीन दमली की पुढे सरकायचं. त्यात त्यांची हातोटी अल्डरच्या झाडाची होती. पिकाबरोबरच अल्डरची रोपं लावून द्यायची. या झाडाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून ओस टाकलेली जमीन काही वर्षांत पुन्हा कसदार होते आणि जळणही मिळतं. नागालँडमधल्या खोनोमा गावातही नेमकं हेच झाड, हीच युक्ती आहे. धान्य संपलं की जंगलातला डोंगरी माड तोडून त्याच्या खोडातलं पीठ काढायचं. आपल्या कोकणातल्या भेर्ली माडाच्याच कुळातलं हे झाड. आणि गोठ्यात नव्हे, रानात मोकळा सोडलेला पशू म्हणजे मिथुन, ज्याला चिनी लोक दूलोंग बैल म्हणतात. अरुणाचलचा राज्यप्राणी तोच.

वर्षअखेरीच्या काछ्यूवा सणात या मिथुनाचा बळी देतात. निमंत्रण जातं ते लाकडाच्या पट्टीवर: जितके दिवस उरले तितक्या खाचा. पाहुण्याने रोज एक खाच काढून टाकायची. खाचा संपल्या की निघायचं. दुसरी रीत गाठींची, दोरीतली रोज एक गाठ सोडायची. मैदानात खुंटाला बांधलेल्या जनावराच्या शिंगांना बायका मण्यांच्या माळा घालतात, पाठीवर विणलेली घोंगडी टाकतात. मग भाले. मांसाची वाटणी सगळ्यांना सारखी, आलेल्या पाहुण्यालाही. २००६ साली चीनने राष्ट्रीय अमूर्त वारशाची पहिली यादी केली तेव्हा हा सण तिच्यात घातला.

भाषेकडे येतो, कारण मला खरं कुतूहल तिचं आहे. दरुंग ही तिबेटो-बर्मी शाखेची भाषा. तिच्या जवळच्या बहिणी म्हणजे म्यानमारातली रवांग आणि साल्वीनच्या काठची अनोंग. या गटाला नुंगिश म्हणतात. लांबच्या नात्यात तिबेटी आणि बर्मी येतात. पाचाला दरुंगमध्ये 'पङ्ङा' म्हणतात, तिबेटीत आणि बर्मीत 'ङा'. 'मी'ला इथे 'ङा' म्हणतात. शब्दाच्या शेवटी क, त, प, म, ल, र असे व्यंजनांत थांबणारे उच्चार टिकून आहेत, जे शेजारच्या लिसूत केव्हाच झिजून गेले.

पण मोल आहे ते क्रियापदाचं. मराठी माणसाला हे समजायला सोपं जावं. आपण 'तू पोळी खाल्लीस' म्हणतो तेव्हा 'खाल्ली' हे पोळीशी जुळतं आणि शेवटचा 'स' खाणाऱ्याकडे बोट दाखवतो. एकाच क्रियापदात दोघांची नोंद होते. दरुंग क्रियापदही असं जमाखर्च ठेवतं, पण त्याला लिंगाशी कर्तव्य नाही. त्याला बघायचं असतं की बोलणारा आणि ऐकणारा या प्रसंगात कुठे आहेत. बोलणारा एकटा गुंतला असेल तर क्रियापदाच्या शेवटी 'ङ' येतो. ऐकणारा करणारा असेल तर सुरुवातीला 'न' हा अंश लागतो. आणि गंमत पुढे आहे. तिसऱ्याच कुणी मला मारलं, ऐकणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही, तरी तोच 'न' सुरुवातीला येतो आणि शेवटी 'ङ'. मी स्वतः कर्ता असलो की मात्र तो 'न' गायब. म्हणजे तो अंश 'तू' एवढंच सांगत नाही; संभाषणातल्या दोघांपैकी कुणीतरी यात आहे, पण करणारा मी नव्हे, असं तो सांगतो. याखेरीज क्रिया बोलणाऱ्याकडे येते की त्याच्यापासून दूर जाते, वर चढते की खाली उतरते, आणि सांगणाऱ्याने ती पाहिली की नुसती ऐकली, यांसाठीही छोटे छोटे अंश आहेत. कडेकपारीत राहणाऱ्यांना वर-खाली लागणारच, असं म्हणायचा मोह होतो. पण सपाटीवरच्या कितीतरी भाषांतही असे अंश सापडतात, तेव्हा तो मोह आवरलेला बरा.

या क्रियापदावरून अभ्यासकांत मोठा वाद आहे. चिनीत, तिबेटीत, बर्मीत अशी पुरुषवाचक रूपं नाहीत. पण पूर्व नेपाळच्या किरांती भाषांत आहेत, सिच्वानच्या ग्यालरोंगमध्ये आहेत, आणि दरुंग-रवांगमध्ये आहेत. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या या डोंगरी भाषांना ही रूपं सामाईक मूळ भाषेतून मिळाली आणि मोठ्या भाषांनी ती गमावली, असं जॉर्ज व्हान ड्रीम, स्कॉट डीलान्सी यांच्यासारखे म्हणतात. रँडी लापोला म्हणतात, नाही, प्रत्येकीने ती सर्वनामांपासून नंतर घडवली. वादाचा निकाल काहीही लागो, पुराव्याचा बराच भार दरुंगसारख्या भाषांवर आहे, जिचे बोलणारे एखाद्या मध्यम मराठी गावात मावतील. लापोलांनी दरुंग आणि रवांग दोन्हींवर प्रत्यक्ष काम केलं. चीनमध्ये सुन होंगकाई यांचं परिचयात्मक व्याकरण १९८२ साली आलं, आणि रॉस पर्लिन यांचं सविस्तर व्याकरण २०१९मध्ये.

आता पुन्हा यादीकडे. दरुंग भाषेच्या दोन मुख्य बोली धरतात, एक दूलोंग नदीची आणि दुसरी साल्वीनकाठची. पण साल्वीनकाठी ती बोलणारे लोक सरकारदरबारी दरुंग नाहीत, ते 'नू' आहेत. आणि 'नू' या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक घातलेले आहेत, ज्यांतले काही एकमेकांचं बोलणं समजूही शकत नाहीत. सीमेपलीकडे जा, तर नदीच्या खालच्या अंगाला त्याच साखळीतले लोक रवांग म्हणून ओळखले जातात आणि म्यानमारच्या हिशेबात 'कचिन' या मोठ्या छत्रीखाली येतात. आणखी पश्चिमेला, अदुंगच्या खोऱ्यात, तारोन नावाची अगदी ठेंगण्या माणसांची छोटी वस्ती होती. त्यांचे पूर्वज याच खोऱ्यातून गेले. अ‍ॅलन रॅबिनोविट्झ हे वन्यजीव अभ्यासक १९९०च्या दशकात तिथे पोचले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि आपसात लग्नं करून आणखी मुलं होऊ द्यायची नाहीत असं त्यांनीच ठरवलेलं होतं. एका साखळीचे इतके तुकडे वेगवेगळ्या रकान्यांत पडले आहेत. गावागावाने खाली जात राहिलं तर बोली हळूहळू बदलत जाते, बोलण्यात सीमा कुठे लागत नाही. स्तेफान ग्रो या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने या नामकरणाच्या राजकारणावर फार नेटकं लिहिलं आहे.

लिपीचीही तीच गोष्ट. खाचा आणि गाठी सोडल्या तर लेखन नव्हतं. रवांगसाठी रॉबर्ट मॉर्स या अमेरिकन मिशनऱ्याने रोमन लिपी बसवली. त्या लिपीत बायबल आलं, गाणी आली, आणि खालच्या दरुंग गावांत ख्रिस्ती धर्म त्याच वाटेने पसरला. वरच्या गावांत भगतांचा, नामसांचा वारसा जास्त टिकला. १९८०च्या दशकात युन्नानमध्ये दरुंगसाठी रोमन लेखन ठरवलं गेलं तेही रवांग लिपीवर बेतून. तुटलेल्या म्हणवल्या गेलेल्या खोऱ्याला आपली अक्षरंसुद्धा सीमेपलीकडून घ्यावी लागली. शाळेत मात्र ती चालत नाहीत, तिथे मँडरिन. बाजारात आणि तालुक्यात लिसू बऱ्याच काळापासून चालते. तिसरी भाषा, म्हणजे स्वतःची, घरात आणि शेतात.

शेतही बदललं. २०००नंतर जंगल वाचवण्याच्या योजनेत उतारावरची फिरती शेती थांबवली गेली आणि कुटुंबांना सरकारी तांदूळ मिळू लागला. मग आली चाओगुओ, मसाल्यातल्या मोठ्या वेलचीची जवळची नातेवाईक. ती जंगलाच्या सावलीत येते. दरुंगांचे माजी तालुकाप्रमुख गाओ दरोंग यांनी ती लावायचा ध्यास घेतला, लोकांना शिकवलं. २०१९ साली देशाने त्यांना 'जनतेचा आदर्श' हा किताब दिला. जुनी घरं जाऊन नव्या वसाहती झाल्या, आणि २०१८मध्ये संपूर्ण दरुंग समाज दारिद्र्यातून बाहेर आल्याचं जाहीर झालं. या घोषणेच्या मागे प्रचार आहे आणि खरी सुधारणाही आहे. हिवाळ्यात आजारी पडलेल्या माणसाला आता खिंड उघडायची वाट बघावी लागत नाही, हे ज्याला क्षुल्लक वाटेल त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये. तांदूळ मात्र दुकानातून आला की अल्डर लावायचं कारण राहत नाही, आणि शेताबरोबर शेतातलं बोलणंही पातळ होतं.

शेवटी लेखनाविषयी. लोकांसाठी मी 'दरुंग' असं लिहितो, कारण त्यांच्या उच्चाराला ते जास्तीत जास्त जवळ जातं. 'दूलोंग' हे चिनी रूप फक्त सरकारी नावांत आणि नदीसाठी ठेवलं आहे. अभ्यासकांच्या जुन्या लिखाणात 'त्रुंग', 'तारोन', 'छ्यू' अशी रूपं भेटतील. संदर्भ पाहून ती एकच समजावीत, 'तारोन' हे नाव अदुंगच्या वस्तीसाठी आलं असेल तेवढं सोडून. व्यक्तींची नावं चिनी कागदपत्रांत आडनाव आधी घालून येतात, पण दरुंगांत मुळात आडनाव नसतं. गावाचं किंवा कुळाचं नाव, बापाचं नाव आणि भावंडांतला क्रमांक मिळून नाव होतं. म्हणून दोन दरुंगांची आडनावं जुळली एवढ्यावरून त्यांना भाऊबंद समजू नये.